वाघाचे बारसे

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरून काशिमिऱ्याच्या दिशेने नजर टाकली, तर उंच इमारतींच्या फटींतून डोंगराची निळसर रेघ आजही दिसते. तिच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल पसरले आहे. २०१५ साली येथे बिबट्यांची शास्त्रशुद्ध मोजदाद झाली, तेव्हा उद्यान आणि त्यालगतचा परिसर मिळून ३५ बिबटे आढळले. अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून प्रत्येक जनावर वेगळे ओळखता येते, कारण माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे दोन बिबट्यांचे ठिपके सारखे नसतात. पुढे २०२१ साली वन विभाग आणि 'वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी - इंडिया' यांनी पाच बिबट्यांच्या गळ्यात उपग्रहाशी संपर्क साधणारे पट्टे बांधले. सावित्री, महाराजा, तुलसी, क्रांती आणि जीवन अशी त्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली, आणि ज्या जनावराच्या नुसत्या उल्लेखाने मुलाबाळांना घरात ओढून घ्यावे, त्याच्याविषयी माणसे कौतुकाने बोलू लागली.

रानातल्या श्वापदाला स्वतःचे नाव देण्याची ही रीत आली कोठून, आणि तिने जंगलाचे, पर्यटनाचे व जंगलाकाठच्या माणसांचे काय केले, याचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात परमेश्वर सर्व पशुपक्षी आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो, ही कथा वाचकांना लहानपणापासून ठाऊक आहे. पण ती नावे जातीची होती. सिंह तो सिंह, कोल्हा तो कोल्हा. एकेका पशूचे बारसे तेथे झाले नाही. आपल्या मराठी मुलखातही व्यक्तिनामाचा मान मिळाला तो गोठ्यातल्या आणि अंगणातल्या जनावरांना. ढवळ्या, पवळ्या, कपिला, मोत्या ही घरच्यांची नावे होत. रानातल्या जनावराचे नाव घेणेही टाळले जाई. रात्रीच्या वेळी साप न म्हणता 'लांबडे' म्हणायचे, वाघ न म्हणता नुसते 'जनावर' म्हणायचे, हा संकेत जुन्या पिढीला चांगला माहीत आहे. नाव घेतले की धनी हजर होतो, ही त्यामागची भीती.

भीतीच्या जोडीला आदरही होता, आणि त्यातून 'वाघोबा' आला. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली बांधव वाघोबाची पूजा करतात आणि वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. त्यांच्या या श्रद्धेचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत मिळून वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने त्यात नोंदविली आहेत. घोडबंदर रस्त्यावरील वाघबीळ हे गावनाव आपण रोज बसच्या पाटीवर वाचतो, पण त्यातला वाघ मात्र आपल्या ध्यानात येत नाही. १९२९ साली विहार तलावाजवळ वाघ मारला गेल्याची नोंद आहे. त्यानंतर साष्टीच्या जंगलात उरला तो बिबट्या, आणि वारल्यांच्या लेखी तोही वाघोबाच. 'बा' हा प्रत्यय आपण विठोबाला लावतो, आजोबालाही लावतो. त्यात धाक आहे आणि नातेही आहे. मालकी मात्र नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्याविषयी गुब्बिओच्या लांडग्याची जी आख्यायिका सांगतात, तीत संत त्या लांडग्याला 'भाऊ' म्हणून हाक मारतात. शेकडो वर्षे ही गोष्ट सांगितली गेली, पण त्या लांडग्याला दुसरे नाव कोणी दिले नाही.

विदर्भात याच्या उलट घडले. तेथे वाघाच्या नावाऐवजी वाघाने मारलेल्या माणसाचे नाव जंगलाला मिळाले. तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, लोकांनी त्याला देव मानले, आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले, अशी कथा आहे. ताडोबा तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, ते महाराष्ट्रातील पहिले. जंगलाला मृत माणसाचे नाव मिळाले आणि ज्याने त्याला मारले तो वाघ अनामच राहिला, ही गोष्ट वाचकांनी पुढील मजकुरासाठी लक्षात ठेवावी.

वाघाला वैयक्तिक ओळख प्रथम मिळाली ती बंदुकीच्या टोकावर. इंग्रजी अमलात शिकारी साहेबांनी नरभक्षकांना गावांची नावे दिली. चंपावतची वाघीण १९०७ साली मारली गेली, रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली. दोघांनाही जिम कॉर्बेट यांनीच टिपले. याच कॉर्बेटनी १९३० साली पवलगडचा 'बॅचलर' म्हणून प्रसिद्ध असलेला एक अवाढव्य वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. त्याची कीर्ती हाच त्याचा अपराध ठरला. नावाजलेले जनावर मारण्यात अधिक मान, असा तो काळ होता. पुढे कॉर्बेट स्वतः बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे वळले, हेही नमूद केले पाहिजे.

नावाचा अर्थ बदलला तो १९६० च्या सुमारास. त्या वर्षी जॉय ॲडमसन यांनी एल्सा या सिंहिणीची कथा प्रसिद्ध केली आणि ती जगभर गाजली. त्याच वर्षी जेन गुडॉल टांझानियातील गोंबेच्या जंगलात चिंपँझींचा अभ्यास करू लागल्या. त्यांनी आपल्या चिंपँझींना डेव्हिड ग्रेबियर्ड, फ्लो अशी नावे दिली. केंब्रिजच्या विद्वानांना हे रुचले नाही. अभ्यासाच्या प्राण्यांना क्रमांक द्यावेत, नावांनी अभ्यासकाची दृष्टी भावुक होते, असे त्यांचे म्हणणे. गुडॉल बधल्या नाहीत, आणि २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर जगाने त्यांचाच पक्ष बव्हंशी मान्य केला होता. तथापि केंब्रिजकरांच्या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते, असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. राजस्थानातील रणथंभोरला फतेहसिंह राठोड आणि वाल्मीक थापर यांनी पद्मिनी, चंगेज, नून अशा नावांनी वाघांच्या दिनचर्या टिपल्या. बांधवगडची सीता ही वाघीण डिसेंबर १९९७ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकली, आणि पुढच्याच वर्षी ती नाहीशी झाली. शिकाऱ्यांनी तिला मारले असावे, असा कयास आहे. जगभर पसरलेली कीर्ती तिच्या संरक्षणासाठी पुरेशी ठरली नाही. रणथंभोरच्या मछलीचे नशीब वेगळे. मगरीशी झुंज घेणारी म्हणून गाजलेली ही वाघीण ऑगस्ट २०१६ मध्ये वार्धक्याने मेली, तेव्हा तिच्यावर विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाले. तिच्या एकटीच्या ओढीने आलेल्या पर्यटकांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या.

विदर्भात ही लाट उशिरा पोहोचली, पण मोठ्या वेगाने. ताडोबा-अंधारीच्या मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांवरचे गाइड आणि जिप्सीचालक हे बहुतांशी आसपासच्या गावांतले तरुण. एरवी त्यांच्या नशिबी कोरडवाहू शेती किंवा शहरातली मजुरी. बारशाचा मान बहुधा त्यांच्याकडेच जातो. त्यांनी दिलेली नावे पाहिली तर आपल्या मराठी मनाचे एक छोटे संग्रहालयच समोर उभे राहते. वाघडोह हे पाणवठ्याचे नाव, जुनाबाई ही जुनोन्याची, मटकासुर पुराणातल्या असुरांच्या चालीवर, बजरंग देवळातून आलेला, आणि छोटी तारा घरच्या लाडक्या लेकीसारखी. नाव असले की पर्यटक त्या वाघाला पाहण्यासाठी पुन्हा येतो, त्याच्या बछड्यांची चौकशी करतो, छायाचित्रे मित्रांना दाखवतो. 'एक वाघ पाहिला' असे म्हणणारा एकदा येतो. 'माया पाहिली' असे म्हणणारा दरवर्षी येतो. गावातल्या पोराला वाघ जिवंत राहण्यात स्वतःचा लाभ दिसू लागला, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या मुलखात वाघाने गाय मारली की तिच्या कलेवरावर विष टाकण्याची पद्धत होती, तेथे तर मुळीच नव्हे.

जयची कथा मात्र या सर्वांहून बोधक आहे. नागझिऱ्यात जन्मलेल्या दोन भावांना 'शोले'वरून जय आणि वीरू अशी नावे मिळाली. २०१३ मध्ये जय नागझिरा सोडून नद्या, शेते आणि महामार्ग ओलांडत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. हे अभयारण्य आदल्याच वर्षी घोषित झाले होते आणि त्याचे नाव नागपूरबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते. जयने ते देशाच्या नकाशावर आणले. आशियातला सर्वांत मोठा वाघ अशी त्याची ख्याती झाली, जी कोणी मोजून पाहिली होती असे नव्हे. पर्यटकांच्या रांगा लागल्या, आसपास निवासस्थाने उभी राहिली. एप्रिल २०१६ मध्ये जय दिसेनासा झाला. गळ्यातला पट्टा मुका झाला होता. शोधपथके निघाली, केंद्रीय तपासाची मागणी झाली, लोकप्रतिनिधी बोलले, पण जय सापडला नाही. कऱ्हांडल्याची गर्दी ओसरली. अभयारण्य तेच, सागाची झाडे तीच, चितळे आणि रानगवे तेच, इतर वाघही होतेच. पण पाहायला यायचे ते कोणाला?

एका नावावर उभी केलेली बाजारपेठ त्या नावाबरोबरच कोसळते, हे तेव्हा कळले. वर्षभरानंतर, एप्रिल २०१७ मध्ये, जयचाच एक बछडा, श्रीनिवास, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला मृतावस्थेत सापडला. शेतातल्या पिकाच्या राखणीसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने त्याचा बळी घेतला होता. शेतकऱ्याने तार लावली होती ती रानडुकरांसाठी. अशा तारांना अडकून जे वाघ मरतात, त्यांतल्या बहुतेकांना नाव नसते आणि म्हणून त्यांच्यासाठी मोर्चाही निघत नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, २०१८ मध्ये तो ३१२ होता. या साऱ्यांतून सामान्य पर्यटकाला नावाने माहीत असतील ते मोजकेच. उरलेल्यांचे जीवित ज्या वनपट्ट्यांवर अवलंबून आहे, ते एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याचे मार्ग, त्यांना कोण ओळखतो? त्या पट्ट्यांचे बारसे कोणी केलेले नाही.

आता यवतमाळकडे वळू. पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसे मृत्युमुखी पडल्याचे सांगण्यात आले. मेलेले बहुतेक शेतकरी, गुराखी आणि मजूर होते. वन विभागाच्या दप्तरी संशयित वाघिणीचे नाव होते टी-१. शहरांतील प्राणिमित्रांनी तिला 'अवनी' म्हटले. अवनी म्हणजे पृथ्वी. हे नाव पडताच प्रकरणाचा रंग पालटला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत याचिका गेल्या, मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या पेटल्या. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात ती गोळीने मारली गेली. आधी बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला का, नियम पाळले गेले का, यावर केंद्रीय मंत्री आणि राज्याचे वनमंत्री यांच्यातच वाद झडला. हे प्रश्न योग्य होते, आणि नाव नसते तर ते विचारले गेले नसते, हे आम्ही मान्य करतो. सरकारला जाब द्यावा लागला तो त्या तीन अक्षरांमुळे.

परंतु त्या गदारोळात तेरा मृतांपैकी एकाचे तरी नाव मुंबईकरांच्या कानी पडले काय? वाघीण अवनी झाली आणि माणसे 'तेरा' झाली. आपल्या धर्मग्रामात मरण पावलेल्या प्रत्येक माणसाचे नाव मृतांच्या नोंदवहीत लिहिले जाते, नोव्हेंबर महिन्यात ते वेदीपाशी उच्चारले जाते. त्याच नोव्हेंबर महिन्यात हे घडले, म्हणून ही विसंगती आम्हांला अधिक खुपते.

अवनीला दोन बछडे होते. मादी बछडी डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेण्यात आली. तिला नाव मिळाले नाही, मिळाला तो क्रमांक : पीटीआरएफ-८४. दोन वर्षे बंदिस्त क्षेत्रात तिला शिकारीचे शिक्षण दिले आणि मार्च २०२१ मध्ये खुल्या जंगलात सोडले. तेथल्या दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि काही दिवसांतच मेली. आईसाठी पेटलेल्या मेणबत्त्यांतली एकही तिच्या वाट्याला आली नाही.

परदेशातही असाच प्रसंग घडला होता. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाच्या सीमेवर सेसिल नावाच्या सिंहाला एका अमेरिकन दंतवैद्याने हौसेखातर मारले. जगभर संताप उसळला, आणि सेसिलचा अभ्यास करणाऱ्या ऑक्सफर्डच्या संशोधकांकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. काही विमान कंपन्यांनी शिकारीची कातडी व मुंडकी वाहून नेणे बंद केले. हा लाभ खरा. पण त्याच वेळी झिंबाब्वेच्या एका विद्यार्थ्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिले की आमच्या गावी सिंहासाठी कोणी रडत नाही, कारण आम्ही सिंहाच्या भयातच वाढलो. गंमत अशी की सेसिल हे नाव होते सेसिल ऱ्होड्सचे, ज्याने तो देश गिळंकृत केला त्या वसाहतवाल्याचे. सिंहाचे नाव ठेवतानाही गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

ताडोबाच्या मायाची गोष्ट याहून अवघड आहे. दफ्तरी टी-१२ असलेली ही वाघीण अनेक वर्षे ताडोबाची लाडकी होती. २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्या कर्तव्यावर असताना मरण पावल्या. ती वाघीण माया असल्याचे सांगण्यात आले. अवनीच्या बाबतीत जे झाले ते येथे झाले नाही, आणि एका प्रसंगावरून वाघिणीला नरभक्षक ठरवू नये हे नियमाला धरूनच आहे. मायाच्या दर्शनासाठी पुढेही गाड्या धावत राहिल्या. ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात एका वाघाचे अवशेष मिळाले आणि जनुकीय तपासणीतून ते तिचेच असल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. ते वाचताना त्या वनरक्षक भगिनीची आठवण किती जणांना झाली असेल, कोण जाणे.

यावर काही जाणकार म्हणतात की नावे बंद करावीत, क्रमांक पुरेत. आम्हांला हा उपाय वरवरचा वाटतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडले. त्याची चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, चालक व गाइड यांच्यावर कारवाई झाली. त्या वाघिणीला नाव नव्हते. ती होती 'एफ-२'. गर्दी करणाऱ्यांना अक्षर आणि अंक पुरले. कीर्तीची हाव असली की आकड्याचेही नाव होते.

असो. आता आपल्या घराजवळ येऊ. २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली, जून २००४ हा महिना तर भयंकर गेला. बिबट्या दिसला की पकडायचा आणि दूरच्या जंगलात सोडायचा, ही त्या वेळची रीत. डॉ. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात अभ्यास केला तेव्हा आढळले की आसपासच्या जंगलात बाहेरचे बिबटे आणून सोडू लागल्यावर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, घराची वाट शोधते, वाटेत माणसे लागतात. पण हे आकडे ऐकून लोकांचे मत कितीसे बदलणार?

ते बदलले एका म्हाताऱ्याने. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढले. तो शांत, वयस्क भासला, म्हणून अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' म्हटले. पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तीन-चार आठवड्यांत आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालले. कसाऱ्याचा लोहमार्ग, महामार्ग, वसईची औद्योगिक वसाहत मागे टाकत, वसईची खाडी पोहून ते नागल्याच्या जंगलात, म्हणजे घोडबंदरच्या अंगाला, येऊन पोहोचले. रात्री चालत, दिवसा दडून राहत. सबंध प्रवासात त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. पापडी-वसईच्या आपल्या वाडीतून ते केव्हा गेले असतील, कोणाच्या ध्यानीही आले नाही. या प्रवासावर 'आजोबा' हा मराठी चित्रपट २०१४ मध्ये निघाला. बिबट्या माणसाच्या शेजारी, माणसाला टाळून राहतो, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे त्यामुळे प्रथमच घराघरांत पोहोचले.

हे नाव इतरांहून निराळे आहे, असे आमचे मत आहे. जय पडद्यावरून आला, अवनी संस्कृतातून आली. आजोबा हे नातेवाचक नाव, वाघोबाच्या वळणाचे. आजोबांना पाहायला कोणी तिकीट काढले नाही, त्यांच्या नावे कोठे निवासस्थान उभे राहिले नाही. नावाने लोकांचे लक्ष वेधले ते एका जनावराच्या रूपाकडे नव्हे, तर त्याच्या वाटेकडे. डिसेंबर २०११ मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने आजोबा मेले. शरीरातल्या सूक्ष्म पट्टीवरील क्रमांकावरून त्यांची ओळख पटली, हेही येथे सांगितले पाहिजे. नाव लोकांसाठी होते, पण मृत देह ओळखला तो आकड्याने.

मार्च २०२४ च्या अखेरीस आणखी एक बिबट्या वसईच्या किल्ल्यात दिसला. जेथे फादर आणि गावकरी पहाटे फिरायला जातात, जेथे जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, त्याच तटबंदीत तो सुमारे साडेतीन आठवडे राहिला. वन विभागाने कॅमेरे आणि पिंजरे लावले. नुकत्याच सुरू झालेल्या भाईंदर-वसई रो-रो बोटीच्या रात्रीच्या फेऱ्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या, आणि भाईंदरला कामाला जाणाऱ्यांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. नावाने म्हणावे, तर त्याला नाव नव्हतेच. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडला, त्याला जंगलात सोडण्यात आले, आणि रात्रीची बोट पुन्हा सुरू झाली.